दशावतारातले पक्षी

बाई, गेल्या महिन्यात मी भर सभेत माझ्या मुलीला ‘खाली बस’ म्हणाले. शब्द तुमचे, नववीच्या वर्गातले, सूरही तुमचाच. घरी येईपर्यंत तो माझ्याच कानात वाजत होता. हे सांगावं असं दुसरं माणूस मला सापडेना, आणि तुम्ही तर मी कॉलेजात असतानाच गेलात. म्हणून लिहायला बसलेय. टपालात टाकायचा प्रश्नच नाही, तेव्हा अक्षरावरून बोलू नका.

मी जर्मनीत असते, येनाला. इथल्या युनिव्हर्सिटीत पक्ष्यांच्या हाडांवर काम करते. पक्षी कुणापासून आले, उडायला कसे लागले, कुठल्या बेटावर जाऊन उडायचं विसरले, असलं सगळं. ऐकून तुम्ही हसाल, कारण ही खोड तुम्हीच लावलीत. नवरा भिंगं बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर बघतो. मुलगी चौथीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं, आणि तिला प्रश्न फार पडतात. रविवारी आम्ही दोघी गावातल्या जुन्या म्युझियममध्ये जायचो. तिथल्या सांगाड्यांपुढे उभी राहून ती मला एकेक हाड विचारायची आणि मी सांगितलं की वर पुन्हा, “श्टिम्ट दास?” म्हणजे हे खरं ना? खरं, मी म्हणायचे. मग ती पुढच्या कपाटाकडे जायची.

आणि आमच्याकडे सासरे येतात. सासूबाई गेल्यापासून दर वर्षी तीन महिने, व्हिसा संपेपर्यंत. उरलेलं वर्ष ते पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटे, डब्यावर. रिटायर्ड इंजिनीअर, अत्यंत मऊ माणूस. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी एका शब्दाने दुखावलं नाही. भांडकुदळ सासरा असता तर मी केव्हाच तोंड सोडलं असतं, मला ते चांगलं जमतं. या माणसाशी भांडायचं कुठून, तेच कळत नाही. पहिल्या वर्षी आले तेव्हा दिवसभर खिडकीशी बसून खालच्या ट्राम बघायचे. जेवायला बोलावलं की यायचे, वाढलेलं खायचे, ताट धुवून ठेवायचे आणि पुन्हा खिडकी. नवरा मला स्वयंपाकघरात ओढून विचारायचा, बाबा बोलत का नाहीत गं.

यंदा मात्र त्यांना पालवी फुटली. इथल्या मराठी मंडळातलं कुणीतरी त्यांना म्हणालं, काका, यंदा गणपतीत तुम्ही बोला की काहीतरी. झालं. माझं टेबल त्यांनी ताब्यात घेतलं. चष्मा कपाळावर, नातीकडून लॅपटॉप शिकणं, स्लाइडवर मासा कासवाच्या शेजारी की वर, यावर तासन्‌तास खल. विषय काय, तर दशावतार आणि उत्क्रांती. आधी मत्स्य म्हणजे पाण्यातला जीव, मग कूर्म म्हणजे पाण्यात आणि जमिनीवर, मग वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस नरसिंह, मग बुटका वामन, मग कुऱ्हाडवाला परशुराम. म्हणजे पाश्चात्त्यांना आत्ता कळलं ते आपल्याला कधीचंच ठाऊक. व्हॉट्सॲपवर पोस्टर आलं त्यात त्यांच्या नावाखाली माझंही नाव होतं, ‘विज्ञानाची बाजू’ म्हणून. मला न विचारता. ग्रुपवर लगेच नमस्कारांचा आणि टाळ्यांचा पाऊस.

मी चहा टाकता टाकता विषय काढला. “बाबा, हे बरोबर नाहीये. विज्ञान असं म्हणत नाही.”

“अगं, अगदी तसंच कुठे म्हणायचंय? साधारण. मासा आधी की नाही?”

“आधी.”

“मग झालं तर. तू दहा मिनिटं बोल, बाकी मी ओढून नेतो.” आणि मग कपाकडे बघत म्हणाले, “ही असती तर तिला पहिल्या रांगेत बसवलं असतं.”

आता यावर काय बोलावं, तुम्हीच सांगा. मी साखर जास्त घातली आणि चहा गाळला.

इन्स्टिट्यूटमध्ये जेवताना आमचे प्रोफेसर एकदा म्हणाले होते, तुमच्याकडे बरं, देवाने सहा दिवसांत जग केलं म्हणून विज्ञानाशी भांडणारे नाहीत. मी “गेनाऊ, गेनाऊ”, अगदी बरोबर, म्हणून मान डोलावली. खरंच आहे, आमच्याकडे भांडण नाही. भांडायला समोर दुसरी बाजू लागते. आमच्याकडे देवाने उत्क्रांतीला आधीच कडेवर घेतलेलं असतं, आणि वर म्हणतात, बघा, आपलीच आहे. अंगावर येणाऱ्या माणसाला ढकलता येतं हो. गळ्यात पडणाऱ्याला काय करायचं? घरात आम्ही चौघं, तीन खोल्या, जाईन तिथे मासा, कासव आणि डुक्कर. बाथरूममध्ये जाऊन मी नळ सोडून बसायचे.

मला सारखा तुमचा तो तास आठवायचा. नववीचं पुस्तक, उत्क्रांतीचा धडा. संस्थेच्या अध्यक्षांनी तक्रार केली होती की बाई पोरांना माकडाची अवलाद म्हणतात, आणि त्या दिवशी ते स्वतःच मागच्या बाकावर येऊन बसलेत, धोतराचा सोगा मांडीवर. तुम्हाला अजून कायम केलेलं नाही, हे आम्हा मुलींनाही माहीत आहे. तुम्ही पिशवीतून किराणा दुकानाचं कॅलेंडर काढता, दशावताराचं, आणि फळ्यावर बरोबर धड्यातल्या आकृतीवर टांगता. छडीने दाखवता: मासा, कासव, वराह. अध्यक्ष खूश. मी हात वर करते. “बाई, पण यात पक्षी कुठे आहेत?” वर्ग फिदीफिदी हसतो. तुमची छडी वराहावरच थांबते. “खाली बस. जास्त शहाणपणा नको.” तुम्ही मला त्याआधी कधी रागावला नव्हतात. मी बसले, आणि इतकी लाज वाटली की उरलेला तास बाकावरची शाई नखाने खरवडत राहिले.

आठवड्याने तुम्ही मला शाळा सुटल्यावर घरी बोलावलंत. तुमच्या सासूबाई दारातच म्हणाल्या, ये, पण मागच्या बाजूने ये, तुझ्या बाईंनी आज काय मांडलंय ते बघ. परसात तीन विटांवर डालड्याचा डबा, त्यात सोड्याच्या पाण्यात उकळलेलं काहीतरी, आणि पदर खोचून उकिडव्या बसलेल्या तुम्ही. शाळेच्या पत्र्यावर मेलेलं कबुतर तुम्ही पिशवीत घालून आणलं होतंत. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडत होत्या की तो डबा पुन्हा घरात येता कामा नये आणि तू आंघोळ केल्याशिवाय पाण्याला शिवायचं नाही. तुम्ही “हो हो” करत होतात आणि काडीने मांस सोडवत होतात. मग ते छातीचं हाड धुतलंत, पुसलंत, मधल्या उंच धारेवरून माझं बोट फिरवलंत. उडायचे स्नायू इथे धरतात म्हणालात. गुलाबी साबणाच्या डबीत घालून ते मला दिलंत आणि म्हणालात, “मला खाली बसावं लागतं. तुला नाही. पक्षी कुठे आहेत ते तू शोध.”

ती डबी माझ्या ऑफिसच्या टेबलावर असते. इतक्या देशांतून सांभाळून आणली. मला काय वाटायचं सांगू? की तुम्ही भित्र्या होतात, पण चांगल्या होतात. आणि मी काही तशी होणार नाही.

कार्यक्रम एका चर्चच्या हॉलमध्ये होता, मंडळाला तोच परवडतो. भिंतीवर मुलांनी रंगवलेली नोहाची मोठी बोट, शिडात जिराफाची मान, आणि तिच्यापुढे आपला गणपती, हार, समया, मोदक. हॉलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या एक म्हाताऱ्या जर्मन बाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. सासरे सिल्कचा कुर्ता घालून उभे. आवाज आधी कापरा, मग मोकळा. हा माणूस इतका छान बोलतो हे मला माहीतच नव्हतं. लोक हसत होते, माना डोलावत होते. नवऱ्याचे डोळे भरून आले होते. मी माझ्या दहा मिनिटांची घोकंपट्टी करत होते. उत्क्रांती शिडी नाही, झाड आहे. कासवाचं डुक्कर होत नाही. कुणी कुणाची पायरी नसतं. गोड शब्दांत, पण खरं तेच सांगायचं ठरवलं होतं.

सासरे वराहावर आले आणि तिसऱ्या रांगेतून माझी मुलगी उभी राहिली. हात वर. जर्मनमध्येच विचारलंन, “आजोबा, पण पक्षी कुठे आहेत?”

मी तिला तुमची गोष्ट कधी सांगितलेली नाही, बाई. शपथेवर सांगते. तिचं तिलाच सुचलं.

सासरे गडगडून हसले. “अगं, गरुड आहे की. बाहेर पार्किंगमध्ये.” सगळा हॉल हसला. तीही हसली. पण बसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, “ममा, तू तर म्हणतेस की कासवापासून डुक्कर झालंच नाही. श्टिम्ट दास?”

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते खिडकीपाशी बसायचं पुन्हा येऊ घातलं होतं, मी ते येताना पाहिलं. खरं, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. रोज म्हणते तो. मी म्हणाले, “खाली बस. नंतर बोलू.” ती बसली. सासरे नरसिंहाकडे वळले. माझ्या दहा मिनिटांत मी सांगितलं की बाबांनी फार छान मांडलं, दोन्हींत विलक्षण साम्य आहे. टाळ्या पडल्या. निघताना किल्लीवाल्या बाईंनी माझा हात हातात घेतला. त्यांना शेजारच्या कुणीतरी थोडंथोडं समजावून सांगितलं होतं. म्हणाल्या, तुम्ही शास्त्रज्ञ असून देवाला सोडलं नाहीत, हे ऐकून किती बरं वाटलं. मी ‘दांके’ म्हणाले.

त्या ‘नंतर’ला महिना झाला. मुलगी रुसलेली नाही, रुसली असती तर समजूत काढता आली असती. शाळेत जाते, आजोबांशी पत्ते खेळते, मला डबा भरू लागते. फक्त मला काही विचारत नाही. मागच्या रविवारी म्युझियमला गेलो, तर पाट्या आपल्या आपण वाचत गेली, मी मागे मागे. एका सांगाड्यापाशी मीच न राहवून म्हटलं, हे बघ, हा खऱ्या गरुडाचा. “श्टेट दा,” म्हणाली. लिहिलंय तिथे.

त्यानंतर मी ती साबणाची डबी ऑफिसातून घरी आणली. तिला द्यायची, आणि तुमचं वाक्य सांगायचं. ती समोर बसून ब्रेडला लोणी लावत होती आणि मी ते वाक्य आधी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. मला खाली बसावं लागतं. का गं, आई? असं तिने विचारलं असतं तर? तुमच्यामागे अध्यक्ष होते, न निघालेली ऑर्डर होती, घरची चूल होती. माझ्यामागे कोण होतं? एक म्हातारा माणूस, जो कदाचित म्हणाला असता, अरे वा, असं आहे होय, सांग की सगळ्यांना. कदाचित म्हणाला असता. कदाचित परत खिडकीशी बसला असता. मी ते तपासलंच नाही, आणि आता तपासायची हिंमत होत नाही. डबी पुन्हा पर्समध्ये गेली.

आता ब्राउनश्वाइग शहरातल्या मराठी मंडळाने आम्हा दोघांना कोजागिरीला बोलावलंय. तिथे मराठी पोरं पुष्कळ, सगळी इंजिनीअरिंगची. सासऱ्यांनी हो कळवूनही टाकलं. व्हिसा संपायच्या आत एक शेवटचं, म्हणाले, आणि गरुडाची एक नवी स्लाइड केली आहे, तुझ्या लेकीमुळे सुचली. तिकिटं आलीत. काल मुलीने दप्तर भरता भरता विचारलं, “मुस इश मित?” मलाही यावं लागेल का? महिन्याभरात तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, नाही, नको येऊस, तू मैत्रिणीकडे राहा.

बाई, ती बरं म्हणाली, आणि मला हायसं वाटलं.