हिरामणचा थांबा

करंजाडे, १२ जानेवारी

चि. ज्ञानेश्वरी हिस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

काल तू हौसेने मला, लोकांना लोखंड बाजार दाखवायच्या तुझ्या पायी फेरीला नेलंस आणि मी निम्म्यातून, न सांगता, रिक्षात बसून घरी आलो. तुझा फोन घेतला नाही, कारण फोनवर माझं तोंड सुटेल. पूर्वी मी कळंबोलीहून गावी पत्रं लिहायचो, तसंच हे. शिवतेजच्या हाती देतो. तुझा भाऊ बाकी काही असला तरी पाकीट फोडणारा नाही.

पोरी, मला शिसारी आली. लोखंड बाजारात मी एकतीस वर्षं पत्रे उचलले, पण ते बघायला कुणी सुटीच्या दिवशी पांढरे बूट घालून येईल असं वाटलं नव्हतं. ग्रीसच्या डबक्यापाशी सगळ्यांच्या नाकाला रुमाल. हमालांची टोळी जेवायला बसलेली, आणि एक बाई त्यांच्या भाकरीवर वाकून फोटो काढतेय. एका गृहस्थाने तर म्हाताऱ्या हमालाच्या खांद्यावरचा घट्टा न विचारता दाबून बघितला. बाजारात बैल बघतात तसा. तू तेव्हा पाण्याच्या बाटल्या वाटत होतीस.

आणि मग हिरामणची जागा. इथे एक हमाल दारू पिऊन कामावर आला आणि पत्र्यांच्या गठ्ठ्याखाली मेला, असं सांगून तू सगळ्यांना मिनिटभर गप्प उभं केलंस. निम्मे मोबाइलमध्ये बघत होते. मी तिथूनच रिक्षा धरली. मेलेल्या माणसाचा तमाशा आपल्या घरात कुणी केला नाही. बंद कर हे.

राग या पत्रापुरता आहे, माया आहे तशीच.

तुझा आप्पा
ज्योतिबा


कळंबोली, १५ जानेवारी

ती. आप्पांना सा. न. वि. वि.

संक्रांतीला तिळगुळाऐवजी तुमचं पत्र आलं. शिवतेजने पाकीट फोडलं नाही, पण माझं तोंड बघून शिव्या किती आल्यात ते मोजून सांग म्हणाला.

खांद्याला हात लावणाऱ्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. मी त्या बाबांची माफी मागून आले. जेवणाच्या वेळी तिकडे यापुढे कुणाला नेणार नाही. फेऱ्या मात्र बंद करणार नाही. इथल्या इमारतीत राहणाऱ्यांना आपल्या घराचं लोखंड कुणी वाहिलं ते ठाऊक नाही, आणि ते मला सांगायचं आहे.

पण आप्पा, रुमाल, फोटो, भाकरी सगळं बघूनही तुम्ही माझ्यामागे चालत होता. हिरामणकाकांचं नाव निघालं आणि गेलात. ती गोष्ट मी रचलेली नाही. मी दहावीत होते, तुम्ही सुट्टीला गावी आला होतात, तेव्हा तुम्हीच जेवताना सांगितली होती.

परवा त्यांच्या पत्नी, राजाबाई काकू, बाजारात भेटल्या. मी त्यांच्या नवऱ्याला दर शनिवारी दारुडा म्हणते, हे त्यांच्या कानावर गेलंय. भांडल्या नाहीत. ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, थेंबाला कधी शिवले नाहीत, एवढंच म्हणाल्या आणि भाजीची पिशवी उचलून गेल्या. मला घास गिळवत नाही. खरं काय ते लिहा.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची
ज्ञानेश्वरी


करंजाडे, १९ जानेवारी

चि. ज्ञानेश्वरी हिस आशीर्वाद.

तीन कागद फाडले, हा चौथा.

हिरामण प्यायला नव्हता. क्रेनवाल्याला हाताने खूण करायचं काम माझं होतं. खालच्या माणसाने आवाज दिल्याशिवाय खूण करायची नाही, हा टोळीचा पहिला नियम. हिरामण गठ्ठ्याखाली लाकडी ठोकळा सरकवत होता आणि मी तंबाखू मळत होतो. आवाज आलाच असेल असं धरून चाललो, वर न बघता, गठ्ठा सोड म्हणून हात खाली केला.

मुकादमाने आम्हाला गोळा केलं. टोळीतलं टोळीत ठेवायचं, ही आमची रीत. तो प्यायला होता असं सगळ्यांनी चौकशीत सांगितलं आणि सगळ्यांत आधी मी सांगितलं. मग घरी तरी वेगळं कसं बोलणार?

त्या पांढऱ्या बुटांची शिसारी आली म्हणालो, पण ते लोक परवडले. माझं खोटं तू जीव तोडून सांगत होतीस आणि वीस परकी माणसं त्यापुढे माना खाली घालून उभी होती. मला माझीच किळस आली. जेवताना हा उजवा हात बघवत नाही.

फेरीतला तो थांबा वगळ. राजाबाईंना माझं नाव सांगू नकोस. म्हाताऱ्या बापाची एवढी लाज राख.

आप्पा


कळंबोली, २२ जानेवारी

ती. आप्पांना सा. न. वि. वि.

पत्र वाचून मला तुमची किळस आली. मुलीने बापाला असं लिहू नये, पण हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येईना. माझीही आली. मी सबंध वर्षभर एका सरळ माणसाला दारुडा करत होते, आणि लोक जाताना छान सांगितलंत म्हणायचे.

काल काकूंकडे जाऊन पाया पडले. मी खोटं सांगत होते एवढं कबूल केलं, तुमचं नाव घेतलं नाही. त्यांनी एकच मागितलं, ती जागा दाखव. आप्पा, नवरा नेमका कुठे गेला ते त्यांना आजवर कुणी दाखवलेलं नाही. दारुड्याची बायको म्हणून टोळीतला एकही माणूस त्यांच्या दारात गेला नाही.

या शनिवारची फेरी मी रद्द केली आहे. फक्त त्या, मी आणि तुम्ही. जागा तुम्ही दाखवायची. नऊला बाजाराच्या फाटकाशी थांबते. नाही आलात तर मी दाखवीन, आणि हात कुणाचा होता तेही सांगेन.

लोभ ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

ज्ञानेश्वरी


करंजाडे, २४ जानेवारी

चि. ज्ञानेश्वरी,

नऊला नको, आठला ये. नऊला टोळी कामाला लागते. त्याआधी सगळे फाटकाशी चहाला जमतात. आमच्यातले चौघे अजून कामावर आहेत, मुकादमही येतो. मी खोटं टोळीदेखत बोललो होतो, खरंही टोळीदेखतच बोलेन, राजाबाईंना एकटं गाठून नाही.

त्यांना माझं नाव आजच सांग, म्हणजे यायचं की नाही ते त्यांना ठरवता येईल.

आशीर्वाद या वेळी लिहीत नाही. समोर आल्यावर घेतलास तर देईन.

आप्पा