रात्रपाळीची हळद

प्रिय भीमराज,

दरवेळी पत्राच्या सुरुवातीला जयभीम लिहिते. आज तो शेवटी लिहीन. आधी राग बाहेर पडू दे.

मागच्या फोनवर तू म्हणालास, "आई, तुला त्यातलं काही कळत न्हाई." अरे, तू पाटीवर अक्षरं गिरवायचास तेव्हा भाकरी थापता थापता तीच अक्षरं मी शिकले. पुढे पुड्यांचे कागद वाचले, मग पेपर, मग विहारातली पुस्तकं. आता कळतं, हीच तर तकलीफ आहे.

दिवसाच्या लाईटीच्या योजनेबद्दल कळमनुरीला वीज कंपनीच्या साहेबांना मी स्वतः विचारून आले. घराघरावर काही बसवायचं नाही. सबस्टेशनजवळ सलग जमीन द्यायची, तिच्यावर कंपनी सौर पॅनल लावणार. ती वीज सबस्टेशनात जाणार आणि शेतीच्या वेगळ्या लाइनवरून साऱ्या गावाच्या मोटारींना दिवसा मिळणार. गावानं ठराव केला. पहिल्यांदा गायरान सुचवलं होतं. पण ते शेजारच्या भिवाजीच्या आणि आपल्याच वस्तीतल्या चार घरांनी बापजाद्यांपासून कसलेलं. त्यांना उठवून इतरांनी उजेडात पाणी द्यायचं? मी सभेत उभी राहिले आणि म्हणाले, आमचं माळाचं शेत घ्या. सबस्टेशनला लागून आहे. जमीन आपल्याच नावावर राहील, भाडं मिळेल. खाली विहिरीचा मळा आहेच, तो पिकवू.

सातबाऱ्यावर माझ्याबरोबर तुझंही नाव, म्हणून तुझी सही लागते. आणि तू म्हणतोस, रस्ता मोठा होणार आहे, थांब, प्लॉट पाडू.

थांब म्हणायला तुझं काय जातं? शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पुण्यात बटण दाबलं की उजेड. इथं रात्रीच्या पाळीला माणसं या शेतातून त्या शेतात हाक द्यायची, पलीकडून होऽ आला की पुढच्या सरीचं दार धरून पाणी वळवायची. घरात बाया त्याच हाका ऐकत पडायच्या. तुझ्या बाबांची हाक बंद झाली त्या रात्री मला वाटलं, लाईट गेली असेल, बांधावर बसले असतील. मी कूस बदलून झोपले. सकाळी हळदीच्या सरीत सापडले. साप चावलेला, पाणी अंगाखालून वाहतच होतं.

तू तेव्हा खूप रडलास. मळ्यात पाय ठेवणार नाही म्हणालास. मी कधी बोल लावला नाही. मळा गावातल्या उजैरला बटईनं, पिकाच्या वाट्यावर, कसायला दिला. आता सगळ्यांकडे मोबाईल, हाका कोणी देत नाही. पण मी त्याला सांगितलं, बाबा, मला हाक पाहिजे. तो हसायचा, "काकू, तुमी झोपत न्हाई अन् मलाबी झोपू देत न्हाई." तरी द्यायचा. त्याच हाकांवर पिकलेली हळद दरवर्षी तुझ्या घरी पोचते. सुनबाई म्हणते, रंग फार छान आहे.

गावात विचारतात, "काकू, कागद कुठं अडकून राहिला?" मी म्हणते, तहसीलात. अजून तुझं नाव ओठावर आणलं नाही.

हे पत्र मी नांदेडच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. परवा उजैरची हाक मध्येच थांबली. या खेपेला मी झोपले नाही. बॅटरी घेऊन भिवाजीला उठवलं, मळ्यात धावलो. उजैर बांधाला टेकून बसला होता, डोळे उघडे, पण जीभ हलत नव्हती. मण्यार साप चावला होता. श्वासासाठी नळी घातली आहे. डॉक्टर म्हणतात, वाचेल. त्याची बायको अफशीन माझ्या शेजारी बसली आहे, पोटुशी आहे. तिनं एवढंच विचारलं, "काकू, दिवसाची लाईट काहून आली न्हाई अजून?" मी पिशवीतून कागद काढला आणि तुला लिहायला घेतलं.

यंदा तुझ्याकडे हळद येणार नाही. सोमवारी ग्रामसभा आहे. उजैरचा बाप जलालुद्दीन समोर बसलेला असेल. कागद कुठं अडकला हे पुन्हा विचारतील. उजैरला अजून बोलता येत नाही, म्हणून मी बोलणार आहे. माझ्या पोराकडं अडकलाय, असं सांगणार आहे. त्याच्या आधी येऊन सही करायची, की नंतर त्या माणसांपुढून मान खाली घालून घरी यायचं, हे तुझं तू ठरव. दार दोन्ही वेळी उघडंच असेल.

जयभीम.

रागावलेली, तरी तुझीच,
आई