उताराच्या अंगणासाठी मशीन

धानोरा,
दिवाळीच्या दहा दिवस आधी

मुखरूभाऊंना जवाई बापूरावाचा नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे, धान लोंबीवर आलं का, आणि नागभीडची रानडुकरं त्यातलं तुमच्यासाठी किती ठेवतात, ते कळवावं. आम्ही खुशाल आहोत. (फोनच केला असता, पण फोनवर बोलताना तुमची बहीण रीता शेजारी बसून ऐकते, आणि आजचा विषय तिच्यापासून लपवायचा आहे.)

आमचं घर टेकाडावर, अंगण उतारावर, खाली बोडीचं तळं आणि त्याच्या पाळीवर मोहाचं झाड, हे तुम्ही पाहिलेलंच आहे. संध्याकाळी त्या झाडाखाली चहा घेत बसणं हे तुमच्या बहिणीचं सुख. यंदा गवत कमरेइतकं वाढलं, श्रावणात त्यातून घोणस निघाली, आणि तेव्हापासून ती अंगणात पाऊल टाकत नाही. मला मात्र तिनं बजावलं, "गवत नाई निघालं त यंदा मंडईच्या जत्रेले माह्या भावायले बोलावत नाई. त्यायच्या लेकरायले कुठी झोपवू, सापायजवळ?" आता तुम्ही येणार नसाल तर आमच्या घरी मंडई कसली? म्हणून मी गवत कापायची मशीन घ्यायला गडचिरोलीला गेलो.

दुकानात तीन मशिनी होत्या. पहिली वायरची, तिला लाईट लागते, आणि आमची लाईट तिच्या मनात आलं तर येते. दुसरी खांद्याला अडकवायची. ती अडकवताच माझी कंबर जे काही बोलली ते दुकानदारालाही ऐकू गेलं. तिसरी चाकांची. दुकानदारानं विचारलं, उतार किती? तीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसानं कोन सांगायला हवा होता. मी म्हणालो, थोडासा. (घरी येऊन कोनमापक लावला. आकडा सांगत नाही.) पण ती मशीन फरशीवर एका बोटानं ढकलली तरी इतकी सुळकन पुढे गेली, की तोच गुण पाहून मी ती घेतली.

नवी वस्तू पूजेशिवाय सुरू कशी करायची? पाऊलवाट जिथे उताराला लागते तिथे मशीन उभी केली, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. एक हात दांड्यावर होता तोवर सगळं ठीक होतं. पण नमस्कार एका हातानं होतो का, भाऊ? दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, आणि उघडले तर समोर नुसतं चिरडलेलं लिंबू. मशीन हारासकट बोडीतल्या शिंगाड्यांच्या वेलांत शिरली होती. गवताची एक काडी तिनं कापली नाही. नशीब, रीता स्वयंपाकघरात होती. तिला सांगितलं, मशिनीत खोट निघाली, परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी शेजारची सोमारीबाई शिंगाडे पाहायला म्हणून आली (माझ्याहून मोठी, पण कंबर शाबूत). तिनं पाण्यावर तरंगणारा हार पाहिला, मग मला पाहिलं. म्हणाली, "मास्तर, गवत कापाचं होतं त मले काऊन नाई सांगतलं? माही गाय हंबरून राह्यली." उकिडवी बसून विळ्यानं कापत ती उतारावर आडवी सरकत गेली आणि दोन दिवसांत अंगण मोकळं झालं. गवत तिच्या गायीला गेलं, वर मलाच तिनं वाळल्या मोहफुलांची पिशवी दिली. काल तुमची बहीण कितीतरी दिवसांनी मोहाखाली बसली. मी चहा घेऊन खाली गेलो, तर म्हणाली साखर कमी आहे. मला फार बरं वाटलं.

तेव्हा मंडईला सगळ्यांनी यावं. झोपायला भरपूर जागा आहे, फक्त उशी चढाच्या बाजूला ठेवावी लागेल.

तुमचा,
बापूराव

ता. क. येताना बैलगाडीचा जाड दोर आणि एक पोहणारा माणूस आणावा. पाणी किती खोल आहे ते मशीनलाच ठाऊक.

आणखी ता. क. वर निघाली तर मशीन तुम्हालाच भेट. रीतानं विचारलं तर नागभीडहून तुम्हीच आणली असं सांगावं.

शेवटचा ता. क. घरातला डिंक संपलाय. पाकीट चिकटवायला तुमच्या बहिणीकडे भाताची शितं मागतो आहे.

भाऊ, पाकीट मीच चिकटवून राह्यली. मी तवा खिडकीतच होती. नमस्कार पायला, मशीन जाताना बी पायली. सोमारीले मीच पाठवलं. पण ह्यायले सांगू नोको, लय दिसानं खुशीत हायेत. दोर लांब आनजो. — रीता