कल्चर्ड मोत्यांचा सर

प्रिय वहिनी,

तू असताना तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. डोंबिवलीहून कोपरी ती काय लांब होती? आणि शेवटचं दीड वर्ष तर तुझं नावही मी घरात काढू दिलं नाही. पण काल दुपारी जे कळलं, ते तुला सांगितल्याशिवाय घास उतरत नाहीये. वहिनी, मोती तू बदलले नव्हतेस.

तुला हे माहीतच होतं म्हणा. मलाच नव्हतं.

तो सर आपण दोघींनी मिळून आणलेला, आठवतं? पेपरातली छोटी जाहिरात तूच वाचून दाखवलीस. 'कल्चर्ड मोत्यांचा सर, थोडा वापरलेला, विकणे आहे', आणि खाली कल्याणच्या कुणा शेजाऱ्यांचा पीपी नंबर. तू म्हणालीस, "वन्सं, कल्चर्ड म्हणजे चांगल्या घरातले असणार! स्थळांच्या जाहिरातीत नाही का लिहीत, कल्चर्ड फॅमिली?" मी म्हटलं, मग तर डोंबिवलीलाच शोभतील! केवढ्या हसलो गं आपण! कल्याणच्या त्या बाईंसमोरही तुला हसू आवरेना. त्यांनी चहा दिला, सर दिला, आणि आपण 'खरे मोती' घेऊन घरी आलो. 'कल्चर्ड'चा अर्थ त्यांनाच विचारायला काय झालं होतं आपल्याला?

मोती ओवावेत तर तूच. सराफाकडचं ओवायचं काम तू घरी आणायचीस. दर मोत्यामागे रेशमाची बारीक गाठ, म्हणजे दोरा तुटला तरी एकच मोती निसटावा. पाच-सहा वर्षांत माझ्या सराचा दोरा कळकट झाला, तेव्हा मी तो तुझ्याच हातात दिला. चार दिवसांत नवा ओवून दिलास. वर म्हणालीस, "घरच्या माणसाकडून मजुरी घेतात होय?"

मग ह्यांची कंपनी बंद पडली. सर विकायला मी ठाण्यात एका सराफाकडे गेले. त्याने हातात घेतला न घेतला आणि म्हणाला, "बाई, हे खरे नव्हेत, कल्चर आहेत." एवढंच. माझं डोकंच फिरलं! ती जाहिरात, ते हसणं, काही म्हणता काही आठवलं नाही. सर कुणाच्या हातात गेला होता? तुझ्या. मोत्यांतलं कळतं कुणाला? तुला. झालं! तडक कोपरी गाठली.

तुझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू चाललेलं. बायका बसलेल्या, तुझ्या हातात तिळगुळाचं ताट, आणि मी चपलाही न काढता दारातूनच ओरडले, "माझे खरे मोती कुठे आहेत?" तू म्हणालीस, "वन्सं, आत चला. आत बोलू." मी आत आले नाही. ही माझी जीभ! तेव्हाच का झडली नाही?

महिन्याभरात तुझं काम सुटलं. चोरीचा आळ आलेल्या बाईच्या हाती मोती कोण देणार? त्याहून वाईट दादाने केलं. स्वतःचा नवरा, पण त्याने बहिणीचं ऐकलं आणि तुझ्याशी बोलणंच टाकलं. वाढलंस की जेवायचा. काही हवं असलं की लेकीला म्हणायचा, "मंजू, तुझ्या आईला सांग." मला हे सगळं कळत होतं. आणि बरं वाटत होतं, वहिनी. आता खोटं कशाला बोलू?

मग तुझी कावीळ बळावली. हॉस्पिटलात दादा उशाशी बसला आणि म्हणाला, "आता तरी खरं सांग. बदललेस ना?" मी पायाशी उभी होते. त्याच्याकडे बघत तू म्हणालीस, "हो. मीच बदलले."

दादा रडला. "माफ केलं तुला," म्हणाला. दीड वर्षाने त्याने तुला नावाने हाक मारली, चमच्याने मोसंबीचा रस पाजला. तीन दिवस तो तुझ्याशी बोलत होता. चौथ्या दिवशी तू गेलीस. आणि मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "बघा, कबूल झाली की नाही!"

आता कालचं सांगते. सर खोटाच, म्हणून मी पेपरात तशीच जाहिरात दिलेली, 'खोट्या मोत्यांचा सर, नाटकवाल्यांना उपयोगी'. नौपाड्याहून एक वयस्कर बाई आल्या. त्यांनी मोती दातावर हळूच घासून पाहिला. "अहो, खोटे कोण म्हणालं?" मी ठाण्याच्या सराफाचं सांगितलं. "कल्चर्ड आहेत हे. शिंपल्यात बी घालून वाढवतात, पण शिंपल्यातलेच. जुने सराफ आपोआप झालेल्यालाच खरे म्हणतात, म्हणून तो तसं बोलला." मी डबीतला कापूस उचलला, तर खाली आपल्या त्या जाहिरातीचं कात्रण! कल्चर्ड मोत्यांचा सर. आकड्याजवळचा तो खळी पडलेला मोती, कल्याणला तूच मला दाखवलेला, तोही जिथल्या तिथे. मी सर विकला नाही. बाईंना पाणीसुद्धा विचारलं नाही.

पण वहिनी, रागावू नकोस, का 'हो' म्हणालीस गं? न केलेल्या चोरीला? मी तिथेच उभी होते, माझ्या तोंडावर थुंकायचंस! 'नाही' म्हटलं असतंस तर तो उठून गेला असता, हेच ना? त्याने एकदा बोलावं, म्हणून तू चोर झालीस.

दादाला अजून काही माहीत नाही. तुझ्या फोटोला रोज हार घालतो आणि आल्यागेल्याला सांगतो, "चुकली बिचारी, पण मी माफ केलं." त्या माफीच्या आधारावर तो दिवस काढतोय. हे म्हणतात, "आता कशाला उकरतेस? तो खचेल."

खचू दे. रविवारी मी कोपरीला येतेय. हळदीकुंकवाला होत्या त्या सगळ्या बायकांना बोलावीन, मंजूला शेजारी बसवीन, आणि त्यांच्यादेखत दादाला सांगेन की माफ करण्यासारखं तू काही केलंच नव्हतंस. मग तो माझ्याशी बोलणं टाकेल. टाकू दे. मरताना मी काहीही कबूल केलं तरी त्याने बोलू नये, असंच मी केलंय.

वन्सं म्हणवून घ्यायची लायकी नसलेली,
सुमन