घरी कोणी नाही

सिस्टर,

काल धाकटीला गोवराची लस दिली. मीच तिला कडेवर घेऊन केंद्रावर गेलो. तुमची बदली झाल्याचं तिथेच कळलं.

थोरल्याला लशीनंतर ताप चढून झटका आला होता. तो आता गल्लीभर हुंदडतो, पण तो झटका माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. म्हणून धाकटीला सुई टोचू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. खांद्याला लशीची पेटी लटकवून तुम्ही सहा वेळा आलात आणि सहाही वेळा मी दारातच तुमच्यावर खेकसलो. एकदा तुम्ही हसून म्हणालात, "शिंपीदादा, दिवसभर सुई तुमच्या हातात, आणि भीती माझ्या सुईची?" मी दार आपटलं.

परवा शेजारचं बाळ गोवराने दवाखान्यात गेलं, तेव्हा माझे डोळे उघडले.

नव्या सिस्टरनी रजिस्टर काढलं. धाकटीच्या नावापुढे तुमच्या अक्षरात सहा वेळा लिहिलं होतं, 'घरी कोणी नाही.' त्या म्हणाल्या, "'नकार' लिहिलं असतं, तर तुम्हाला समजवायला डॉक्टरसाहेबच घरी आले असते." साहेब आले असते, तर मी हट्टालाच पेटलो असतो. तुम्ही मला बरोबर ओळखलंत.

हे पत्र टाकणार नाही. तुमचं खोटं कुणाच्या हाती लागायला नको. आणि खोटं तरी कसलं? मी दारात होतो, पण डोकं ठिकाणावर नव्हतं.

या बाजूला आलात, तर दार वाजवा. मी घरी आहे.

तुमचा,
शिंपीदादा