साडेचार सायकलींचा निवाडा

दि. ८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या धाकट्या भावावर घरातच खटला उभा राहिला आहे. फिर्यादी तुझी भावजय, आरोपी मी, आणि मुद्देमाल मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. आई-बाबा गेल्यापासून आपल्याकडचं कुठलंही भांडण पोस्टाने तुझ्याकडे येतं आणि तुझा निकाल दोघांनी मुकाट मानायचा, हा आपला रिवाज. कपाटाच्या वेळी मी मानला, आरशाच्या वेळी हिने मानला. फोनवर भांडण मिटत नाही, नुसतं वाढतं, हे तुझंच म्हणणं. तेव्हा आज माझं तराजू-काटे दुरुस्तीचं दुकान बंद आहे तोवर माझी बाजू लिहून काढतो.

हिचं म्हणणं असं, की मागची खोली रिकामी करा. तिला तिथे कपडे बेतायचं मोठं टेबल मांडायचं आहे. टेबलाला माझी ना नाही. पण त्यासाठी सायकली विकायच्या, हे मला मान्य नाही. घरात पाच-पाच सायकली कुणाच्या असतात, असं ती येईल-जाईल त्याला विचारते. अगं, पाच कुठे? नीट मोजल्या तर साडेचार भरतात.

पहिली काळी. तिच्याशिवाय माझा धंदाच बसेल. दुकानदारांचे बिघडलेले काटे आणि लोखंडी वजनं दुसरी कुठली सायकल वाहील? हरणी हलकी आहे, ती चढासाठी. काळीवरून चढ चढायचा तर मागून ढकलायला एक माणूस पगारावर ठेवावा लागेल. चिखलीला मोठे मडगार्ड आहेत, ती ओल्या रस्त्यासाठी. ती आहे म्हणून बाकीच्या गंजत नाहीत, म्हणजे खरं तर ती बचतच झाली. बुटकीचा मधला दांडा खाली आहे, गुडघा दुखतो त्या दिवशी पाय फार उचलावा लागत नाही. राहिली मोडकी. ती चालतच नाही. तिचे सुटे भाग काढून बाकीच्यांना लावायचे, एवढ्यासाठी ठेवली आहे. जी चालत नाही तिला सायकल कशी म्हणणार? तरी मी मोठ्या मनाने तिला अर्धी धरली.

हे सगळं हिच्यापुढे मांडलं तर ती हसली. मला वाटलं, पटलं. तर म्हणाली, हे असंच्या असं ताईंना लिहा, म्हणजे माझं काम सोपं होईल.

लेक तिकडे परगावी ठीक आहे. संग्रहालयात जुन्या चित्रांची डागडुजी करण्याचं काम तिला हवं होतं तसंच मिळालं आहे. दर रविवारी फोन येतो. घर मात्र फार शांत वाटतं.

निकाल देताना लहानपणी तुझ्या वाटणीचं दप्तरसुद्धा मीच उचलायचो, हे ध्यानात असू दे.

तुझा,
बापू

दि. १७ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. माझी बाजू मागवलीत ते बरं केलंत. ह्यांचं पत्र मी वाचलेलं नाही, पण त्यात बचत हा शब्द नक्की असणार.

टेबलाचं म्हणाल तर ते मला हवंच आहे. इतकी वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापड बेतते. मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या कोटाची बाही आमटीच्या पातेल्यात गेली. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पण कोट अंगात घालण्याआधी त्यांनी हळूच वास घेतला, तो मी पाहिला. ह्यांच्या गुडघ्याचीही गंमत सांगते. बुटकी घरात येण्याआधी तो गुडघा कधी दुखलेला मला आठवत नाही.

पण खरं कारण वेगळं आहे, आणि ते ह्यांना सांगायचं नाही म्हणून फक्त तुम्हाला लिहिते. लेक असताना घरात दोन सायकली होत्या. ती गेली आणि तिच्या खोलीत, म्हणजे ह्याच मागच्या खोलीत, तिसरी आली. मग चौथी, मग पाचवी. संध्याकाळी हे आत जाऊन बसतात आणि चाक हाताने फिरवत राहतात. मी स्वयंपाकघरात तो आवाज ऐकते. मलाही ती आठवतेच ना. पण मला रडू आलं तर मी रडून मोकळी होते. ह्यांना सायकल आणावी लागते.

आणि पोरगी काही दुधखुळी नाही. फोनवर दर वेळी विचारते, बाबांनी नवीन सायकल घेतली का. पाचवी आली तेव्हा म्हणाली, आई, मी परत येऊ का? आता हा प्रश्न दर रविवारी येतो. तिला वाटतं, आपण गेलो म्हणून हे घर ओस पडलं. अहो वन्सं, त्या कामासाठी तिने किती वाट पाहिली आहे. सहावी सायकल आली तर ती सगळं सोडून परत येईल, आणि मग आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे कसं बघणार? येत्या मार्चअखेर ती सुट्टीवर येते आहे. तोवर ह्या घराचं काहीतरी करा.

तुमची माया अशीच राहिली तर माझं टेबल नक्की होईल, अशी खात्री बाळगणारी,
तुमची भावजय

दि. २५ जानेवारी

चि. बापूस व चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही बाजू वाचल्या. बापू, तू काटे दुरुस्त करतोस आणि तुला पाच मोजता येत नाहीत, हे तुझ्या गिऱ्हाइकांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. मोडकीला चाकं दोन आहेत, म्हणजे ती अख्खी सायकल आहे.

आता निकाल. टेबल ह्याच आठवड्यात मागच्या खोलीत खिडकीखाली मांडायचं. सायकली सध्या दुसऱ्या भिंतीला उभ्या राहतील. त्यातली एक बापूची. बाकीच्या चारांपैकी जिच्यावर दर आठवड्याला एक ठरलेलं माणूस बसून फिरायला जाईल ती राहील. ते माणूस बापू नको, आणि एका माणसाने दोन सायकली अडवायच्या नाहीत. मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत जिला स्वार मिळणार नाही ती विकायची. तोवर घरात नवीन सायकल आणायची नाही, अर्धीसुद्धा नाही.

मी इस्पितळात आयुष्यभर वॉर्ड सांभाळले. तिथे एकच शिकले. खाटा किती आहेत याला काही अर्थ नाही, प्रत्येक खाटेवरच्या माणसाकडे कुणाचं लक्ष आहे ते बघायचं. तुमच्या घरी चार जणी भिंतीला तोंड करून उभ्या आहेत, आणि एकटा तू त्यांची शुश्रूषा करत बसला आहेस. हे तब्येतीला चांगलं नाही, तुझ्याही आणि त्यांच्याही.

वहिनी, आमटी उकळत असताना कोट बेतू नये.

माझा राग आला तर दोघांनी मिळून येऊ द्या, म्हणजे तेवढं तरी एकमत होईल.

तुमची,
ताई

दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या निकालाने माझ्या नाकी नऊ आणले. ज्याने जन्मात कुणाला आपल्या सायकलीची घंटासुद्धा वाजवू दिली नाही, तो मी महिनाभर दारोदार फिरून स्वार शोधतो आहे.

पहिल्या लागल्या त्या डॉक्टरीणबाई. त्यांना हरणी दिली. त्यांनी बसायच्या आधी सीट खाली केली. त्या सीटला मी कधी पाना लावला नव्हता. पण बाई चढावर अशा सुटल्या, की मी काळीवरून खालीच राहिलो. हरणी इतकी पळते हे मला माहीतच नव्हतं. चिखली बेकरीवाल्याला मिळाली. दिवसभर भट्टीपुढे उभं राहून त्याला वारा हवा असतो. मोडकीची अडचण होती. शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर तयार झाले, म्हणून मी मोडकी स्टँडवर लावली आणि त्यांना वर बसवून हातात वर्तमानपत्र दिलं. ते मजेत पायडल मारत वाचत होते. तेवढ्यात ही आत आली आणि म्हणाली, ताईंनी फिरायला जायचं लिहिलं आहे, वाचनालय काढायचं लिहिलेलं नाही. मग मी मुकाट्याने मोडकीला नवी साखळी आणि ब्रेक घातले. आता ती चालते. तेव्हा पाच, मान्य.

दर रविवारी संध्याकाळी चौघं निघतो. परत आलो की मागच्या खोलीत टेबलाभोवती चहा होतो. बेकरीवाला बिस्किटं आणतो, आणि चहा पिता पिता ही त्याच्या छातीचं माप घेते. तीन आठवड्यांत तिला चार कपडे शिवायला मिळाले. निकाल माझ्या सायकलींचा आणि बरकत तिची, असा हा न्याय.

एक गोष्ट लिहितो, हसू नकोस. लेक गेल्यावर त्या खोलीत पाऊल टाकलं की माझाच आवाज घुमायचा. सायकल ठेवली की तेवढा कमी घुमायचा, म्हणून मी ठेवत गेलो. तेव्हा हे मला कळलं नव्हतं. परवा कॅशियर आणि डॉक्टरीणबाई तिथे ब्रेकवरून वाद घालत होते, तेव्हा कळलं. सायकलवाल्याने मागच्या आठवड्यात एक सुंदर निळी दाखवली. मी हात लावून बघितली आणि परत आलो.

बुटकीला मात्र अजून कुणी नाही. जो येतो त्याला ती ठेंगणी पडते. विकायचा दिवस जवळ येतो आहे आणि मला ते सोसणार नाही. हिला विचारायची छाती होत नाही. लग्न झालं तेव्हा एकदा विचारलं होतं, तर म्हणाली होती, मी आणि सायकल? लोक हसतील.

तुझ्या शब्दाबाहेर नसलेला,
बापू

दि. १२ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून झालं की उशीखाली ठेवा. ह्यांना पत्ता लागायला नको.

मी सायकल शिकते आहे. हे दुकानात गेले की डॉक्टरीणबाईंचा दवाखाना उघडेपर्यंत आम्ही दोघी बुटकीला घेऊन पाण्याच्या टाकीमागे जातो. पहिले काही दिवस सायकल मला घेऊन भिंतीकडेच जायची. कोपर सोललं, तेव्हा इस्त्रीचा चटका बसला असं ह्यांना सांगितलं. आता तोल सांभाळता येतो. वळताना अजून तोंडाने मोठा आवाज निघतो, तो आवरायचा आहे.

पहिल्याच दिवशी एक झालं. डॉक्टरीणबाईंनी पाना आणला होता, माझ्या उंचीप्रमाणे सीट बसवायला. मी वर बसले तर पाय बरोब्बर टेकले, काही हलवावं लागलं नाही. हे एवढे उंच. त्या सीटवर बसले तर ह्यांचे गुडघे कानाला लागतील. म्हणजे आणली त्या दिवसापासून ती सायकल माझी होती, आणि हे गुडघ्याचं सोंग घेऊन बसले होते. मी तिथेच उभी राहून रडले आणि हसले. डॉक्टरीणबाईंना वाटलं दाढ दुखते आहे.

लोक हसतील असं मी कधीतरी म्हणाले होते. तो शब्द ह्यांनी इतकी वर्षं जपून ठेवला आणि मी विसरून गेले होते. आता ह्यांना सांगत नाही. शेवटच्या रविवारी लेकसुद्धा इथेच असेल. तिने अजून परत यायचा हट्ट सोडलेला नाही. परवा म्हणाली, समोरासमोर बोलू.

माझ्या हाडांसाठी एखादा आशीर्वाद जास्तीचा पाठवा.

तुमची,
भावजय

दि. ३ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आईने सांगितलं, की ह्या खटल्याचा शेवट तुला मीच लिहायचा, कारण ती स्वतः आरोपी, फिर्यादी आणि साक्षीदार असं सगळंच होऊन बसली आहे.

मी शनिवारी पोचले. खरं सांगते आत्या, नोकरी सोडून परत यायचं मी पक्कं केलं होतं, आणि रविवारी जेवताना सांगणार होते. घरात शिरले आणि माझी खोली बघितली. खिडकीखाली हे एवढं टेबल, त्यावर कुणाचा तरी अर्धा कोट, भिंतीला पाच सायकली, आणि माझी खाट कुठेच नाही. आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही ध्यानातच आलं नव्हतं. शेवटी आईने टेबलावरचे कपडे उचलून गादी टाकली, आणि मी खडूच्या रेघांवर झोपले. मला फार छान झोप लागली.

रविवारी जेवताना मला सांगायला वेळच मिळाला नाही. बाबा पानावरून उठून बुटकी पुसायला गेले. दुसऱ्या दिवशी ती विकायची होती. आई मात्र हाताला येईल ते दोनदा वाढत होती. मग संध्याकाळी मंडळी आली. डॉक्टरीणबाईंनी हरणी काढली, बेकरीवाल्यांनी चिखली, कॅशियरकाकांनी मोडकी, बाबांनी काळी. एवढ्यात आई पदर खोचून बाहेर आली, बाबांच्या समोरून बुटकी घेतली, दोन पावलं पळाली आणि बसली. बाबांनी काळी तशीच सोडली, ती रस्त्यावर आडवी झाली. ते आईच्या मागे कॅरिअर धरून धावत सुटले. आई ओरडून सांगत होती, की सोडा, मी पडेन ती तुमच्यामुळे. बाबा सोडत नव्हते. ते रडत होते, आत्या, आणि धावत होते. कोपऱ्यावर त्यांचा दम संपला तेव्हा हात सुटला, आणि आई तोंडाने तो मोठा आवाज काढत वळली. रस्त्यावरचे लोक हसले. आईने त्यांना हात केला.

मग बाबा परत आले, काळी उचलली आणि तिच्या मागे गेले. बाकीचेही गेले. मी दारात एकटी उभी. मलाही जायचं होतं म्हणून आत धावले, तर भिंत रिकामी. घरातल्या पाचही सायकली बाहेर होत्या आणि मला बसायला एकही उरली नव्हती. इतकं बरं मला गेल्या दोन वर्षांत वाटलं नव्हतं. मी चहाचं आधण ठेवलं आणि सहा कप मांडले.

उद्या मी माझ्या कामावर परत जाते आहे.

लोभ आहेच, तो इकडेतिकडे न वाटता थोडा माझ्यासाठी राखून ठेव.

तुझी,
भाची