तिसरं चाक

गोळीबार चौक, नागपूर
ता. ९ फेब्रुवारी १९७६, सोमवार

चि. भीमाले तुळजावहिनीचा आशीर्वाद.

तुझं पाकीट पोचलं, पण कोणीतरी आधी उघडून वाकडं चिकटवलेलं. या आणीबाणीत सगळ्यायचंच तसं येऊन राहिलं. जो वाचत असेल त्यानं हे तरी सरळ चिकटवावं.

इकडे बरं आहे. माग बंद. माझा गुडघा दुखते. तू लिहिलं, दादा मुंबईले दिसले म्हणतात, खरं का वं वहिनी? कोण म्हणते? त्याले म्हण, दाखव.

दिवाळीपासून तुझे दादा घरी नाहीत. जाताना युनियनच्या लोकायच्या नावांची वही लोखंडी पेटीत ठेवली. पेटीले आकड्यांचं कुलूप, तीन चाकांचं. माझ्या लग्नाच्या लुगड्याच्या किनारीत जितके तार, तितका नंबर. लुगडं त्यायनंच विणलेलं, किती तार ते आम्हा दोघायलेच माहीत. मले म्हणाले, "तुळजे, कोणी कितीही धाक दाखवो, सांगू नको." मी म्हटलं, "मले काय सांगता, तुमचं तोंड सांभाळा."

शुक्रवारी पोलीस आले. साहेबानं विचारलं, "बाई, नंबर?"

"मी चौथी नापास. मले आकडे येत नाहीत."

तो हसला. खाली बसला. दोन चाकं फिरवली. तिसरं एक घर पुढं नेलं अन् अंगठ्यानं मागं आणलं. कुलूप उघडलं.

भीमा, ते चाक अडते. तसंच आणावं लागते. नुसतं कुलूप पाहून हे कोणाले समजत नाही.

मी म्हटलं, "कुठं आहेत ते?"

"कोण? आम्हीही त्यांनाच शोधतोय."

"मंग तिसरं चाक कोणी शिकवलं?"

तो आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिला. मंग वही घेऊन गेले.

तेव्हापासून चूल पेटवताना, पाणी भरताना मले तेच दिसते. तुझ्या दादाचा अंगठा, दुसऱ्याच्या हातावर.

भावानं सांगून टाकलं म्हणून राग धरू नको. कितव्या दिवशी सांगितलं, आपल्याले माहीत नाही. तोंड सांभाळा म्हटलं होतं मी, ते आता घास गिळू देत नाही.

पेटी रिकामी आहे. तरी कुलूप लावलं, नंबर बदलून. नवा नंबर तुझ्या दादाले माहीत नाही, म्हणून त्यायच्यापासून कोणी काढू शकत नाही. घरी परतले तर मलेच विचारतील.

आईले मुंबईचंच सांग.

नवा नंबर सांभाळून बसलेली,
तुळजा